पडद्याखालून आलेला पाय

रविवारी सकाळी साडेसात वाजता, देगलूर रस्त्यावरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी तीन-चारशे माणसं लाथ खायला रांगेत उभी होती. कुणी किल्लारीहून जीप करून आलं होतं, कुणी मुखेडहून, कुणी थेट बीदरकडून. कुणाची कंबर धरली होती, कुणाची मान, कुणाचा घोटा सुजला होता. आणि रामकिशन महाराजांच्या उजव्या पायाची एक लाथ बसली की दुखणं पळणार, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. लाथा तर आपण सरकारी कचेरीतही खातो, पण तिथे कुणी नारळ घेऊन जात नाही.

महाराजांचं भांडवल एकच, ते पायाळू होते. म्हणजे जन्मताना त्यांचं डोकं आधी न येता पाय आधी आले होते, असं ते स्वतः सांगत. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, ही आपल्याकडची जुनी समजूत. उसण म्हणजे वाकताना किंवा ओझं उचलताना कमरेत अचानक भरणारी चमक.

मला हा विषय चांगला ठाऊक आहे, कारण मी स्वतः पायाळू आहे. सहा वर्षांची असल्यापासून मी गल्लीतल्या थोरामोठ्यांना लाथा मारल्या. तलाठी, पोस्टमन, शिवाय माझ्या वडिलांचे हेडमास्तर, सगळे आमच्या अंगणात पालथे पडायचे आणि मी फ्रॉक सावरून एकेकाच्या कमरेत पाय हाणायची. चार दिवसांनी बरं वाटलं तर श्रेय माझ्या पायाला. नाही वाटलं तर पोरीनं मनापासून मारली नाही, हा ठपका माझ्या मनावर. या धंद्यात पाय कधीच चुकत नाही, हे मला सातव्या वर्षीच कळलं. आता मी उदगीरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि लाथा मारत नाही, कितीही इच्छा झाली तरी.

त्या रांगेत मी उभी होते ती शिवकांतासाठी. ही माझी जुनी विद्यार्थिनी, वय वीस. आमच्या शेजारच्या उद्धवभाऊंची मुलगी. उद्धवभाऊ मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल आहेत, आणि आपल्या लेकीने खाकी घालावी यापलीकडे या माणसाला दुसरं स्वप्न नाही. दोन वर्षं ती रोज पहाटे मैदानावर पळत होती. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. आणि गुरुवारी शंभर मीटरचा सराव करताना तिच्या टाचेच्या वर फट्‌दिशी आवाज झाला.

"मॅडम, कुणीतरी मागून लाथ मारली असं वाटलं," तिने मला सांगितलं. "वळून बघितलं तर मागं कुणीच न्हाई."

एवढं एक वाक्य घरच्यांना पुरेसं होतं. मागून लाथ बसली आणि मागे कुणी नाही, म्हणजे ही लाथ माणसाची नव्हे. तिची आई सिंधु त्याच दिवशी देवीला नवस बोलायला माहूरला निघून गेली. बापाने महाराजांचा नंबर लावला. दवाखाना सोडून सगळी ठिकाणं झाली.

"उद्धवभाऊ, आधी डॉक्टरला दाखवा," मी म्हणाले.

"दाखवतो की. पण मॅडम, मागल्या वर्षी माझी उसण महाराजांनीच काढली. एक लाथ, अन् अकराव्या दिवशी मी पैलवान."

"त्या अकरा दिवसांत पोती किती उचलली?"

"एकबी न्हाई. पथ्य व्हतं ना."

 त्यांना त्यात काहीच गैर दिसलं नाही. शेवटी ठरलं ते असं, की रविवारी महाराज आणि सोमवारी डॉक्टर. सिंधु गावाला, बायकांच्या बाजूला पोरगी एकटी कशी बसणार, म्हणून मी सोबत जायचं. विज्ञानाची शिक्षिका आणि वीटभट्टीवर लाथांच्या रांगेत. माझ्या नववी ब ला हे कळलं असतं तर वर्षभर कुणी माझं ऐकलं नसतं.

शेडाच्या दारात संगमेश्वर नावाचा पन्नाशीचा माणूस माइक घेऊन उभा होता. महाराजांची जीप चालवायची, चहा करायचा आणि ओरडायचं, ही तिन्ही खाती त्याच्याकडे होती.

"बिल्ला घ्या, तीर्थ घ्या, दोन तास बसा. तीर्थ अंगात भिनल्याबिगर लाथ लागू व्हत न्हाई. मधीच उठून गेलं तर जबाबदारी आमची न्हाई."

तीर्थ पांढुरकं आणि कडू होतं. मी तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकले. शिवकांता प्यायली.

दोन तासांनी महाराज आले. गोरे, गुटगुटीत, उजव्या पायात चांदीचा तोडा. आधी प्रवचन झालं.

"डाक्टर काय करतो? फोटो काढतो. कशाचा? हाडाचा. अन् दुखणं कुठं हाय? मांसात. मग हाडाच्या फोटूत मांसाचं दुखणं दिसंल का? आमी फोटो काढत न्हाई. आमी दुखणंच काढतो."

यातली डॉक्टरांबद्दलची तक्रार थोडी खरीच आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. स्नायू, लिगामेंट, शिरा दिसत नाहीत. लबाडीला एखादं खरं वाक्य लागतंच, दुधाला विरजण लागतं तसं.

मग लाथा सुरू झाल्या. पुरुषांना समोरासमोर. बायकांना परपुरुषाने सगळ्यांदेखत लाथ कशी मारायची, म्हणून त्यांच्यासाठी जाड हिरवा पडदा. बाईने पडद्याकडे पाठ करून बसायचं, पडद्याखालून महाराजांचा पाय येणार, धप्प करणार आणि आत जाणार. मर्यादा पाळून लाथ मारण्याची ही सोय मला खरोखर नवीन होती.

प्रत्येकाला पथ्यही मिळत होतं. अकरा दिवस ओझं उचलायचं नाही. दुखऱ्या पायावर भार द्यायचा नाही. सुजेवर माठातल्या गार पाण्याची घडी, वरून 'रक्षापट्टी' घट्ट गुंडाळायची. झोपताना पाय उशीवर, छातीच्या वर, कारण पीडा उंचावरून खाली वाहून जाते. आणि तीन रविवारी तीन लाथा. फेरा अर्धा सोडला की पाय वाळतो.

पडद्याखालून पाय आला आणि शिवकांताच्या पोटरीवर बसला. मला तो पाय नीट दिसला, मऊ, पांढरा, नखं कापलेली.

"कसं वाटतंय, माय?" आतून आवाज आला.

"दुखणं कमी झालंय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता. "महाराज, मी पळू का?"

"हरणावानी पळ. जे लाथेनं आलं ते लाथेनंच जाणार."

जमलेल्या बायकांनी हात जोडले. उद्धवभाऊ शेडाच्या पलीकडून डोळे पुसत होते. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची दया आली.

सोमवारी आम्ही डॉ. हुमाकडे गेलो. हुमा माझीच विद्यार्थिनी, आता उदगीरात हाडांची डॉक्टर म्हणून बसते. तिने शिवकांताला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर लोंबू दिली आणि चांगल्या पायाची पोटरी मुठीत दाबली. पाऊल आपोआप खाली झुकलं. मग दुखऱ्या पायाची पोटरी दाबली. पाऊल जिथल्या तिथे. पुन्हा दाबली. काही नाही.

"उद्धवचाचा, सायकलीचा ब्रेक दाबला अन् रबर हललंच नाही, तर काय समजायचं?"

"वायर तुटली."

"हिची वायर तुटली आहे. पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी जाड दोरी असते, ती तुटली. तुटताना फट् आवाज होतो, अन् मागून कुणीतरी लाथ मारली असंच वाटतं. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट हेच वाक्य बोलतो. भूत नाही चाचा, दोरी आहे."

"पण आता दुखत न्हाई तिला."

"दुखणं गेलं म्हणजे दोरी जोडली गेली असं नाही. आज प्लास्टर घातलं, पाऊल खाली झुकवून ठेवलं, तर दोन टोकं जुळतात. उशीर झाला की टोकं लांब जातात. मग ऑपरेशन. अन् त्याच पायावर पळाली, तर ही पोरगी पुढे नीट चालायची पण नाही."

 उद्धवभाऊ म्हणाले, "फेरा अर्धा सोडला तर पाय वाळतो म्हणले महाराज. एक रविवार थांबू. मी त्यांची परवानगी घेतो, मग करू."

शिवकांताही बापाच्याच बाजूची होती. तिला प्लास्टर नको होतं. प्लास्टर म्हणजे भरती गेली. हुमाने समजावलं, मी रागावले, काही उपयोग झाला नाही. शेवटी हुमा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तिला आठवडाभर जमिनीवर पाय टेकू देऊ नका. अन् पुढच्या रविवारनंतर माझ्याही हातात फारसं राहणार नाही."

सिंधु अजून माहूरहून परतली नव्हती, म्हणून तो आठवडा मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी बसून काढला. पोरगी खाटेवर, पाय उशीवर. रोज ती एकच विचारायची, "मॅडम, दुखत न्हाई तर पळून बघू का थोडं?" आणि मी रोज तिच्यावर ओरडायची. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणावर इतकं ओरडले नव्हते.

दुसऱ्या रविवारी वीटभट्टीवर वेगळाच थाट होता. माइकवर संगमेश्वर नव्हता, टेपवरचा आवाज होता: आज महाराज गुप्त अवस्थेत आहेत, दर्शन होणार नाही, पुरुषांनाही लाथ पडद्यामागूनच मिळेल. लोकांना हे फारच पटलं. न दिसणाऱ्या महाराजांवर त्यांचा विश्वास दुप्पट झालेला दिसत होता. तीर्थ आलं. शिवकांताने पेला घेतला आणि मी तो तिच्या हातातून काढून जमिनीवर ओतला. उद्धवभाऊ दूर पुरुषांत होते म्हणून बरं.

लाथा सुरू झाल्या. बायका पाठ करून बसत होत्या, धप्प होत होतं आणि उठून सांगत होत्या, "गेली बया, चमक गेली." शिवकांताच्या पुढच्या बाईच्या वेळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पायाकडे लक्ष दिलं. तोडा तोच होता, पण ढिला होऊन घोट्यावर लोंबत होता. पाय काळासावळा, सडपातळ. टाचेला भेगा, अंगठ्याचं नख काळंनिळं.

आठवड्यात माणसाची श्रद्धा वाढू शकते, केस वाढू शकतात. पण गोऱ्या पायाचा काळा पाय होत नाही.

शिवकांता बसली. पडद्याखालून पाय आला. मी वाकले आणि तो घोट्याजवळ दोन्ही हातांनी धरला. भक्तिभावाने नव्हे. पाय मागे ओढला जाऊ लागला, मी पुढे ओढला, आतून कुणीतरी "अगं आई" म्हणालं, पडद्याची दोरी तुटली आणि तो हिरवा पडदा चार बायकांच्या अंगावर पडला. पडद्यामागे एका पायावर उभा राहून तोल सावरत होता संगमेश्वर.

शेडात सगळे बघायला उठून उभे राहिले. लहान पोरंसुद्धा रडायची थांबून बघू लागली.

"संगमेश्वर, तू पायाळू आहेस का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम." तो माझ्या मुठीतल्या पायाकडे बघत होता. "मी तर दवाखान्यातला. सिझरचा. माझं डोकंबी आधी आलं न्हाई, पायबी आधी आला न्हाई. पोटातून सगळा एकदमच काढला."

"आणि सकाळपासून किती लाथा मारल्यास?"

"साठ-पासष्ट असतील."

"ज्या बायांना याच्या लाथेनं बरं वाटलं त्यांनी हात वर करा," मी म्हणाले. कुणी हात वर केला नाही. मघाशी मात्र प्रत्येकीची चमक गेली होती.

पडद्यामागे पत्र्याची खोली होती. दार मी उघडलं, माझ्यामागे निम्मा शेड आत घुसला. रामकिशन महाराज खाटेवर आडवे होते. उजवा घोटा टम्म सुजलेला, त्यावर दवाखान्यातली क्रेप बँडेजची पट्टी, वर बर्फाची रबरी पिशवी, पाय दोन उशांवर चढवलेला. शेजारी खलबत्ता, त्यात पांढरी भुकटी, आणि कोपऱ्यात दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. दोन तास बसवायचं कारण मला कळलं. तीर्थात मिसळलेली गोळी अंगात भिनायला तेवढा वेळ लागतोच.

"काय झालं पायाला?" मी विचारलं.

महाराजांऐवजी संगमेश्वर बोलला. तो आता काही लपवायच्या पलीकडे गेला होता. "मागल्या रविवारी मोंढ्यातल्या एका हमालाला लाथ मारली. दगडावर पाय आपटल्यावानी झालं. मुरगळला."

"मग महाराज, तुम्हाला लाथ कोण मारणार?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. महाराजांनी पाय उशीवरून काढायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं करून तिथेच ठेवला.

मी लोकांकडे वळले. वर्गात वळते तशीच. "नीट बघा. हे मुरगळलेल्या पायावर चालत नाहीत. बर्फ लावतात. पट्टी गुंडाळतात. पाय उंच ठेवतात. तुम्हाला पथ्य म्हणून हेच सांगतात. बरं करतं ते हे पथ्य, आणि दिवस. लाथ ही मधल्या मधे स्वतःचं नाव लावून घेते. महाराज, हे शिकलात कुठे?"

 ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लातूरला एका दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत व्हतो. नऊ वर्षं."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत उद्धवभाऊ आत आले. शिवकांताला त्यांनी पाठुंगळी घेतलं होतं. त्यांनी तिला खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि महाराजांसमोर उभे राहिले. 

मी खाली बसले. आधी महाराजांची उजवी पोटरी दाबली. सुजेतसुद्धा पाऊल झुकलं. "तुमची नुसती मुरगळ आहे, आठ-पंधरा दिवसांत बरी होईल." मग शिवकांताला पालथं व्हायला सांगितलं. "उद्धवभाऊ, तुम्ही दाबा."

त्यांनी लेकीची चांगली पोटरी दाबली. पाऊल हललं. दुसरी दाबली. पाऊल हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबली, जरा जोरात, हलेल अशा आशेने.

शिवकांताने मान वळवली. तिने बापाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. तिने महाराजांना तोच प्रश्न विचारला जो आठ दिवसांपूर्वी पडद्यासमोर बसून विचारला होता.

"महाराज, मी पळू का?"

नऊ वर्षं प्लास्टरच्या खोलीत काढलेला माणूस त्या न हलणाऱ्या पावलाकडे बघत होता. त्याला काय दिसतंय हे मला कळत होतं, आणि आता उद्धवभाऊंनाही कळलं होतं.

"पळू नको," रामकिशन हळूच म्हणाला. "प्लास्टर घाल. आजच घाल. लई दिवस गेले."

"तुला ठाव व्हतं," उद्धवभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. "माझ्या पोरीला हरणावानी पळ म्हणलास."

 उद्धवभाऊंनी हात उचलला नाही, पायही नाही. लेकीला पुन्हा पाठीवर घेतलं आणि सरळ आम्ही भाड्याने आणलेल्या जीपकडे चालू लागले. दुपारी हुमाने प्लास्टर घातलं.

मी मागे राहिले होते ती पोलिसांत द्यायची तक्रार लिहायला. गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होते, तेवढ्यात पाठीमागून एका आज्जीने माझ्या पदराला हात लावला.

"मॅडम, रांगेत तुमची पोरगी सांगत व्हती, तुमी खऱ्या पायाळू हाव म्हणं. त्यो तर खोटा निघाला. माझ्या कमरंत एक मारता का?"

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, कंबर कधी धरली? परवा, घागर उचलताना. मी म्हणाले, "आज्जी, मारते. पण आठ दिवसांनी. तोवर घागर उचलायची नाही, जमेल तेवढं हळूहळू चालायचं, रोज शेक घ्यायचा. पायात मुंग्या आल्या किंवा पाय लुळा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर." नवव्या दिवशी तिचा नातू शाळेत निरोप घेऊन आला: आज्जी बरी हाय, तुमी येऊ नका.

माझ्या इतक्या वर्षांच्या पायाळूपणातली ही एकमेव लाथ जिने खरं काम केलं, आणि ती मी मारलीच नाही.

शिवकांताची ती भरती गेली. मी हे गोड करून सांगणार नाही. दोन वर्षांची पहाट गेली आणि ती महिनाभर कुणाशी बोलली नाही. प्लास्टर निघालं, मग हुमाने दिलेले व्यायाम, मग भिंत धरून टाचा उचलणं. सहा महिन्यांनी एका सकाळी ती आमच्या दारात आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि सगळा भार त्याच एका पायावर घेऊन टाच उचलून माझ्याकडे बघत राहिली. मी मोजत होते. दहापर्यंत पोचले आणि पुढचं मोजता आलं नाही, कारण डोळ्यांपुढे काही दिसेना.

पुढच्या भरतीचा फॉर्म तिने भरला आहे. उद्धवभाऊ मोंढ्यात कुणाला उसण भरली की त्याला आठवडाभर पोत्याला हात लावू देत नाहीत, आणि कुणाच्या पायात फट् आवाज झाला की पालथं पाडून पोटरी दाबतात. हमाल त्यांना डॉक्टर म्हणून चिडवतात. चिडवू द्या.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मुरगळलेला पाय, भरलेली उसण, मुका मार, यातलं बरंचसं शरीर स्वतःच दुरुस्त करतं, त्याला थोडी विश्रांती आणि थोडे दिवस द्या. जे त्याला जमत नाही ते डॉक्टरला दाखवा, आणि लवकर दाखवा. तुम्हाला बरं करतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एकच विचारा: तुझं दुखतं तेव्हा तू काय करतोस? आणि मग तो सांगेल ते नाही, तो करेल ते करा.